कशापेक्षा?

१ जून २०२५, रविवार

दीक्षाचा फोन आला. ऑक्टोबरच्या शेवटी बाळ येणार हे माहीत होतंच. नवीन ते एवढंच, की तिला पहिल्या बाळंतपणाला आई जवळ हवी आहे. ती टेक्सासमध्ये, आम्ही काचीगुड्यात. खरं तर लेकीनं माहेरी यायचं असतं, पण नोकरी टाकून तिला येता येणार नाही. म्हणून आता माहेरानंच उठून तिकडे जायचं. "बाबा, तुम्ही दोघं या," म्हणाली. मागून जावई गौतमही तेच म्हणाला.

मी म्हटलं, मी काही येत नाही. माझे गुडघे विमानात बसायच्या लायकीचे राहिलेले नाहीत, आणि इतके महिने घर बंद ठेवणं मला पटत नाही. आमच्याकडे मी येत नाही म्हटलं की पुढचा बेत आपोआप रद्द होतो. नांदेडची लग्नं असोत नाहीतर कुणाचं बारसं, सगळ्यांना हाच नियम. विषय संपला असं समजून मी पेपर उघडला.

माझी बायको चतुराबाई वरणाला फोडणी देत होती. गॅस बंद करून म्हणाली, "मग मी एकटी जाते."

मी पेपर वाचत राहिलो. काय वाचत होतो ते आता आठवत नाही.

८ जून, रविवार

वरच्या मजल्यावर प्राजक्ता म्हणून पुण्याची मुलगी भाड्यानं राहते, आयटीत आहे. तिनं चतुराबाईचा व्हिसाचा अर्ज भरून टाकला. मुलाखत २० ऑगस्टला. ती नीट झाली तर जाणं, नाही झाली तर नाही. इतकं सोपं आहे.

मुलाखतीत दुभाषी मिळतो, पण चतुराबाईला इंग्रजीतच बोलायचं आहे. मी सगळी नोकरी रेल्वेच्या चौकशी खिडकीवर काढली. इंग्रजी मला येतं. ते तिनं मला विचारलं नाही, वरच्या पोरीला विचारलं. दर रविवारी सकाळी शिकवणी आणि शिकवणीची फी म्हणजे ज्वारीची भाकरी आणि ठेचा. प्राजक्ताला तिखट सोसत नाही, पण ती मागून घेते.

मी खोलीच्या कोपऱ्यात बसून ऐकलं. प्राजक्ता म्हणाली, "काकू, ऑफिसरला मेनली दोनच गोष्टी हव्या असतात. का जाताय आणि किती दिवस राहणार. दुसऱ्या प्रश्नातच लोक अडकतात."

"किती दिवस म्हणजे, लई दिवस नाही राहणार म्या," चतुराबाई म्हणाली.

"पण कशापेक्षा? इंग्लिशमध्ये लाँगर म्हटलं की पुढे दॅन येणार. कशाहून जास्त, कशाहून कमी ते सांगायचं."

चतुराबाईच्या डोक्यात ते बसलं. पहिलं वाक्य तिनं माझ्याकडे बघून केलं: "माय बाथ इज शॉर्टर दॅन हिज बाथ." प्राजक्ता हसली. वाक्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

११ जून, बुधवार

"आज भाजी आणायला फार वेळ लावलास," असं मी म्हटलं.

"कशापेक्षा?"

"नेहमीपेक्षा."

"नेहमी तुम्ही घड्याळ बघता का?"

हे आता दिवसभर चालणार असं दिसतं.

१५ जून, रविवार

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. इतकी वर्षं खिडकीशी माणसं येत राहिली, पण गाडी किती वाजता येणार असं विचारणारा क्वचित. "और कित्ती देर?" हेच विचारायचे. मी "चाळीस मिनट लेट" सांगायचो आणि ते समाधानानं किंवा शिव्या देत जायचे. आता कळतं, लेट म्हणजे वेळापत्रकापेक्षा जास्त. म्हणजे मी आयुष्यभर तुलनाच विकत होतो आणि मला वाटायचं मी वेळ सांगतोय.

मग बाकीचं तपासत बसलो. चहाला उकळी येईपर्यंत पेपरचं पहिलं पान होतं. शेजारच्यांची मोटरसायकल सुरू व्हायला त्याहून जास्त लागतं. आपण मराठीत 'घटकाभर', 'जरासं', 'केव्हाचा' असं म्हणतो आणि समोरच्याला आपोआप कळतं. इंग्रज माणसाला शेजारी दुसरं काहीतरी ठेवून दाखवावं लागतं. त्यांचा एकमेकांवर विश्वास कमी की नजर चोख, हे मला ठरवता आलं नाही. विचार करायला मात्र मजा आली.

आजचा नवा धडा 'ॲज लाँग ॲज'. चतुराबाईला तो फार आवडला. "आय विल स्टे ॲज लाँग ॲज माय डॉटर नीड्स." लेकीला लागेल तितके दिवस राहीन. प्राजक्तानं कपाळाला हात लावला. "काकू, हे तिथे चुकूनही बोलू नका. ऑफिसर घाबरेल. नो लाँगर दॅन फोर मंथ्स, एवढंच म्हणायचं."

"पण लागेल तितकंच राहतात की लेकीकडे," चतुराबाई म्हणाली.

२९ जून, रविवार

कोठीच्या बाजारात जाऊन चतुराबाईचे व्हिसाचे फोटो काढवून आणायचं काम माझ्याकडे होतं. आणले. प्राजक्तानं बघितले आणि म्हणाली, हे पासपोर्टच्या मापाचे आहेत, अमेरिकेला चौकोनी लागतात. दुकानदारानं मला विचारलं होतं, कुठल्या देशासाठी. मी गडबडीत म्हटलं, नेहमीचे द्या. गडबड कसली होती ते सांगता येणार नाही, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

चतुराबाई उठली. चपला घालून निघाली आणि स्वतः नवे काढून आली. नव्या फोटोत ती जास्त ठाम दिसते.

१० जुलै, गुरुवार

आषाढी पौर्णिमा. विहारात वर्षावास सुरू झाला. तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, चतुराबाई सहसा चुकवत नाही. परत आल्यावर जिन्यात प्राजक्ता भेटली, तर हिनं तिला तिथंच थांबवून सांगितलं, "मला कळलं चार मैने किती असतात ते. वर्षावासाहून एक मैना जास्त."

प्राजक्ता म्हणाली, "परफेक्ट, पण काकू, चार महिने कशाला हेही विचारतील. डिलिव्हरी तर दोन दिवसांची."

तिथं जिन्यातच शिकवणी उलटी झाली. चतुराबाईनं तिला समजावलं. आधीचा एक महिना, कारण पोरीचे पाय सुजतात आणि तिला बसवून खाऊ घालणारं कुणी पाहिजे. मग सव्वा महिना बाळंतिणीचा, त्यात तिनं गार पाण्यात हात घालायचा नाही, शेक आणि मालीश रोज, डिंकाचे लाडू, पोटाला पट्टा. सव्वा महिन्यानंतर तर खरी गरज, कारण तोपर्यंत बघायला येणारे येऊन गेलेले असतात आणि पोरगी एकटी पडते.

"आणि मोजा," चतुराबाई म्हणाली, "चार मैने कमीच आहेत."

प्राजक्तानं विचारलं, सव्वा महिना म्हणजे नक्की किती. मी दारातून ओरडून सांगितलं, चाळीस दिवस. चतुराबाई म्हणाली, "चाळीसावर थांबत नाही हो कुणी. सव्वा मैना म्हणजे बाई उभी राहीपर्यंत."

दीक्षा झाली तेव्हा चतुराबाई नांदेडला तिच्या आईकडे होती. सव्वा महिना सांगून गेली आणि तीन महिन्यांनी आली. मी तेव्हा काही म्हटलं नव्हतं.

२० जुलै, रविवार

मुलाखतीची तालीम. मी ऑफिसर झालो. मला ते जमतं, कारण काचेमागे बसून लोकांना उत्तरं देण्यात माझं आयुष्य गेलंय. चतुराबाई समोर उभी, हातात फाइल.

मी विचारलं, "हाऊ लाँग?" ती म्हणाली, "नो लाँगर दॅन फोर मंथ्स, सर." मी म्हटलं, हे खोटं वाटतं. तुला काय माहीत तिकडे काय होईल? बाळाला काही झालं, पोरीला बरं वाटेना, तर तू चार महिन्यांनी निघून येणार आहेस का? खरं बोल. "आय डोन्ट नो, मे बी लाँगर," असं म्हण. सरकारी माणसाला खरं बोललेलं आवडतं.

प्राजक्ता भाकरीचा घास तोंडात तसाच ठेवून बघत राहिली. "काका, असं म्हटलं तर व्हिसा मिळणारच नाही."

मी म्हटलं, मी फक्त खरं बोलायला सांगत होतो.

चतुराबाईनं माझ्याकडे बघून फाइल मिटली. मग म्हणाली, "नक्को, मला प्राजक्ताचंच उत्तर बरंय." मी ऑफिसरची खुर्ची सोडली. इतकं समजावून कुणी ऐकत नसेल तर काय करणार.

२७ जुलै, रविवार

सहज कुतूहल म्हणून चतुराबाईला विचारलं, भाताला किती वेळ लागतो. म्हणाली, "डाळीपेक्षा कमी." डाळीला किती? "भातापेक्षा जास्त." ही इंग्रजी शिकल्यापासून हिच्याकडून सरळ उत्तर मिळणं बंद झालं आहे.

दुपारी ती विहारातल्या बायकांकडे गेली तेव्हा मी स्वतः भात लावून बघितला. खालचा थर करपला, वरचा कच्चा राहिला. मधला चांगला होता. कुकर घासून जागेवर ठेवला, पण वास गेला नाही. ती आली, दारात उभी राहिली, वास घेतला, खिडकी उघडली. नंतर तिनं तांदळाच्या डब्यात एक वाटी ठेवली आणि वाटीला नेलपेंटनं एक रेघ मारली. ती रेघ कशाला म्हणून मी विचारलं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

चतुराबाई दोन रात्रींसाठी नांदेडला बहिणीकडे गेली होती, आज परत आली. दीक्षासाठी डिंक आणि खारीक आणायची होती म्हणे. डिंक कोठीतही मिळतो.

दोन दिवसांत विशेष काही घडलं नाही. हॉटेलातून इडली आणली. टीव्ही लावला, बंद केला, परत लावला. दारावर कुणी आलं असं वाटून एकदा उठलो, कुणी नव्हतं. संध्याकाळी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, तर ओळखीच्या पानवाल्यानं विचारलं, "अम्मा गावाला गेलेत ना साब?" त्याला कसं कळलं कोण जाणे.

काल दिवस फार लांब होता. कशापेक्षा, ते सुचलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

शेवटची शिकवणी. प्राजक्ता म्हणाली, आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑफिसरला खात्री पटली पाहिजे की काकू परत येणार. परत यायचं कारण काय सांगणार?

मी यादी सांगायला लागलो. घर आहे, माझी पेन्शन आहे, विहार आहे, इथली माणसं आहेत. चतुराबाई म्हणाली, "एवढं कशाला? हे आहेत की." आणि हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं, जसं आपण कुणाला कपाट दाखवतो.

प्राजक्ताला ते एकदम पटलं. "हो, हजबंड इंडियात आहेत, हे बेस्ट आहे. काका, तुम्ही बरोबर जात नाही आहात हे उलट फायद्याचंच झालं."

म्हणजे मी येत नाही म्हटलं, ते तिच्या जाण्याच्या कामी आलं. हे मला आवडलं नाही. पण मी हसलो, कारण दोघी हसत होत्या.

२० ऑगस्ट, बुधवार

सगळं लिहून काढतो, म्हणजे झोप येईल.

सकाळी ऑटोनं नानकरामगुड्याला, अमेरिकन वकिलातीत गेलो. चतुराबाईनं निळी पैठणी काठाची साडी नेसली होती, केसांना तेल. फाटकाशी मी फाइल तिच्या हातात दिली. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून तो माझ्याकडे. ती वळून न बघता रांगेत गेली. मी समोरच्या फुटपाथवर बसलो. तिथं आमच्यासारखेच बरेच होते. शेजारी अप्पाराव नावाचे एक गृहस्थ, त्यांचा मुलगा आत गेलेला. "कित्ते देर से बैठे जी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बहुत देर से. त्यांचा मुलगा बाहेर आला, ते गेले. मी तिथंच.

प्राजक्तानं सांगून ठेवलं होतं, व्हिसा दिला तर पासपोर्ट ठेवून घेतात, नाही दिला तर हातात परत देतात. म्हणजे ती बाहेर येताना हात बघितले की कळणार. माझं लक्ष त्या फाटकावर होतं, आणि कुठल्यातरी क्षणी माझ्या लक्षात आलं की मी पासपोर्ट दिसण्याची वाट बघतोय. तो तिच्या हातात दिसावा, तिनं मान खाली घालून यावं, मी तिला म्हणावं जाऊ दे, आणि आम्ही घरी यावं. मी त्या फुटपाथवर बसून हेच मागत होतो. फोटोचं माप, 'मे बी लाँगर', सगळं एकाच वेळी डोळ्यांसमोर आलं आणि मला बसवेना. उठून उभा राहिलो.

ती आली. हातात फक्त फाइल. पासपोर्ट नव्हता.

मी म्हटलं, "झालं?" ती म्हणाली, "हौ, झालं." मग मी ऑटो थांबवला.

ऑटोत मी विचारलं, काय काय विचारलं. तिनं सांगितलं. काचेमागे तरुण पोरगा होता, लाल केसांचा. तेलुगू दुभाषी पाहिजे का म्हणाला, हिनं नो म्हटलं. कशाला जाता? डॉटर्स बेबी. आणि मग तो प्रश्न आला, किती दिवस. "मला येत होतं हो उत्तर," चतुराबाई म्हणाली, "नो लाँगर दॅन, सगळं पाठ होतं. पण त्यानं बगितलं माझ्याकडं, आणि तोंडातून दुसरंच निघालं."

"काय निघालं?"

"लाँगर दॅन माय हजबंड वाँट्स. शॉर्टर दॅन माय डॉटर वाँट्स."

नवऱ्याला पाहिजे त्याहून जास्त, लेकीला पाहिजे त्याहून कमी. ऑफिसर हसला म्हणे. शेजारच्या खिडकीवरच्या बाईलाही त्यानं हे ऐकवलं. मग त्यानं विचारलं, नवऱ्याला किती दिवस चालेल? चतुराबाईनं सांगितलं, "नॉट वन डे." एकही दिवस नाही. मग तिनं चार महिने सांगितले, त्यानं लिहून घेतलं आणि पासपोर्ट ठेवून घेतला.

ऑटो सिग्नलला उभा होता. मी म्हटलं, "मी असं कधी म्हटलं होतं? एक दिवस चालणार नाही, असं?"

"नाही म्हटलं," ती बाहेर बघत म्हणाली. "म्हटलं असतं तर गेले नसते."

सिग्नल सुटला आणि ऑटो निघाला.

दुपारी जेवलो. ती आडवी झाली आणि लगेच झोपली, इतक्या दिवसांची दमणूक होती. मी बाजूच्या खुर्चीत बसून होतो. तिकीट अजून काढलेलं नाही. मी आज म्हटलं, संध्याकाळी म्हटलं, उद्या सकाळी चहाच्या वेळी म्हटलं, तरी ती राहील. बहुतेक रागावणार पण नाही. ती म्हणाली ते खरं आहे हे मला माहीत आहे, ती उगाच बोलणारी बाई नाही. आणि मला ती जायला नको आहे. एक दिवसही नको आहे. तोंडानं न म्हणता कागदावर लिहिलं तर ते म्हटल्यासारखं होत नाही, असं समजून इथं लिहितो आहे.

रात्री दीक्षाचा फोन आला. तिकडे सकाळ होती, ती ऑफिसला निघाली होती, चालताना धाप लागत होती. चतुराबाई भाकऱ्या थापत होती, पिठाचे हात, म्हणून फोन मी घेतला. "बाबा, काय झालं?" तिनं विचारलं. आवाजावरून कळत होतं की तिनं 'नाही' ऐकायची तयारी करून ठेवली आहे.

चतुराबाईचा हात परातीत थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

मी दीक्षाला म्हटलं, "आई येते आहे. तिकीट काढ. चार महिन्यांचं काढ, एक दिवस कमी काढू नकोस."